हाडाचा मास्तर

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आबांचे. आबा म्हणजे माझे सासरे, दोंडाईच्याच्या मिरची बाजारातले अडते. आईवडिलांनी मला शिकवलं, आमच्या सगळ्या भावकीत पहिला पदवीधर मी झालो, ते त्यांच्यामुळेच. पण आईवडिलांचं जे असतं त्याला उपकार म्हणत नाहीत. आबांना मात्र माझ्यासाठी काही करण्याची गरज नव्हती. त्यांनी मुलगी दिली होती, तेवढं पुरे होतं.

माझं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. लहानपणापासून माझे दोन्ही कान वाहायचे. आई लसूण घालून कोमट केलेलं तेल सोडायची, कापसाचा बोळा लावायची, आणि बोळा लावलेला मुलगा आधीच कमी ऐकणारा, तो आणखी कमी ऐकायचा. शाळेत मला गणित आवडलं, त्याचं खरं कारण म्हणजे गणित फळ्यावर दिसतं. इतिहास ऐकावा लागतो. जळगावला कॉलेजात असताना एका कानाचं ऑपरेशन झालं, नवा पडदा बसवला. तो टिकला नाही. पुढे कानात घालायचं यंत्रही घेऊन पाहिलं. पण वाहणाऱ्या कानात बूच बसवल्यासारखं व्हायचं. आठवड्याभरात कान पुन्हा वाहू लागायचा, यंत्र काढून ठेवावं लागायचं. शेवटी ते ड्रॉवरमध्ये गेलं आणि यंत्र आपल्याला मानवत नाही, हा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो.

लोकांना वाटतं, कमी ऐकणारा माणूस मोठ्याने बोलतो. माझ्या प्रकारच्या बहिरेपणात उलटं होतं. बाहेरचा आवाज आत पोचत नाही, पण स्वतःचा आवाज डोक्यात घुमत राहतो. मला वाटायचं मी चांगला खणखणीत बोलतोय. समोरचा मात्र पुढे झुकून ऐकत असायचा. गावात यामुळे माझी मोठी कीर्ती झाली. "पोऱ्या भलता गुणी शे," बायका माझ्या आईला सांगायच्या, "आवाज वर करीसन कधी बोलत नही." धुळ्याच्या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून लागलो, तिथेही तेच. मी इतक्या हळू शिकवायचो की ऐकण्यासाठी मुलांना गप्प बसावंच लागायचं. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येईल, असं मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगत. पाहुण्यांना येत असेल. मला तास संपल्याची घंटाही मुलांनी दप्तरं आवरायला घेतली की कळायची.

मुलगी बघायला दोंडाईच्याला गेलो तेव्हाची गोष्ट अजून आमच्या घरात सांगितली जाते. अशा बैठकीत पाहुणे ठरलेल्या क्रमाने विचारतात: गाव कोणतं, शिक्षण किती, शाळा कुठली, भावंडं किती. मी तो क्रम पाठ करून गेलो होतो. ओठांकडे बघायचं आणि क्रमाने उत्तरं द्यायची. तीन उत्तरं बरोबर गेली. चौथ्या वेळी मुलीच्या काकांनी विचारलं, "पाणी आणखी देऊ का?" मी नम्रपणे म्हणालो, "एक बहीण आहे, तिचं लग्न झालंय."

माझ्या आईने पदर सावरून सरळ सांगून टाकलं, "त्याना कान वाहतस. कमी आयकू येस. पहिलेच सांगी देस."

तेव्हा आबा बोलले. त्या खोलीत सकाळपासून मला स्पष्ट ऐकू आलेला तो पहिला माणूस. मिरचीच्या लिलावात, खोकणाऱ्या आणि शिंकणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून भाव पुकारून त्यांचा आवाज तयार झालेला. ते म्हणाले, "मंग? आमना घरमा आवाजनी काय कमी शे?"

लग्न ठरलं. हुंडा नाही, वस्तू नाही, फक्त नारळ, हे मी आधीच सांगितलं होतं. तेही त्यांनी मान्य केलं, पण "शिकेल माणूस जरा हट्टी ऱ्हास" असं म्हणून घेतलं.

लग्नानंतर आमचा व्यवहार पत्रांनी चाले. फोनवर मला शब्द लागायचे नाहीत आणि मोबाइलवर टाइप करणं आबांना जमायचं नाही. मग त्यांची पोस्टकार्डं यायची, बाजारातल्या चिठ्ठीसारखी तुटक: "सर्व ठीक. आवक चांगली. आई गुडघ्याने बेजार. कधी येता?" कार्डाला मिरचीचा वास असायचा. बायको ते हुंगून सांगायची, हे दुकानात बसून लिहिलंय की घरी.

मग आम्हाला मुलगी झाली, आणि ती बोलायला लागली तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. ती माझ्या पट्टीत बोलायची. आईचा आवाज माझ्याशी बोलून बोलून चढलेला, आजोबांचा तर मिरची बाजारातला. पण पोरीने उचलला तो माझा. कुजबुजल्यासारखं, तोंडातल्या तोंडात. शेजारीण एकदा म्हणाली, "किती गोड, अगदी वडिलांवर गेली." आणि त्यामुळेच सगळ्या जगात जिचं बोलणं मला ऐकायचं होतं, तिचंच मला ऐकू येत नव्हतं.

सुरुवातीला बायको मध्ये उभी राहून सांगायची.

"ती काय म्हणतेय?"

"ती म्हणते, मुंगीला शाळा असते का."

मी मुंगीच्या शाळेबद्दल उत्तर तयार करेपर्यंत पोरगी दुसऱ्या खोलीत गेलेली असायची. कधी ती माझ्यासमोर बसून लांबलचक काहीतरी सांगायची. मी तिच्या डोळ्यांकडे बघून अंदाजाने हसायचो. अंदाज चुकायचा. ती थांबायची, माझ्याकडे बघायची आणि गोष्ट अर्धी सोडून उठायची. मुलांना हे फार लवकर कळतं. हळूहळू ती मला कमी सांगू लागली. एक-दोन वर्षांत ती शाळेत जाईल, तिला मैत्रिणी मिळतील. त्याआधी मला सांगण्याची सवय सुटली तर ती कायमची सुटेल, ही धास्ती माझ्या मनात बसली. मी ती कुणाला बोलून दाखवली नव्हती. आबांना ती न सांगता दिसली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, बायको आणि मुलगी माहेरी गेल्या होत्या. त्यांना आणायला मी दोंडाईच्याला गेलो. संध्याकाळी अंगणातल्या लिंबाला बांधलेल्या झोक्याभोवती सगळ्या माहेरवाशिणी जमलेल्या. मी मुलीला खांद्यावर घेऊन फिरत होतो. तिला तिथे बसलं की माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून बोलायची सवय होती. ती काहीतरी बोलली आणि मी म्हणालो, "नाही, पोपट नाही तो, राघू नावाचा कुत्रा आहे." ती पुन्हा काही बोलली, मी पुन्हा उत्तर दिलं.

आबा ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

"मास्तर, ती काय बोलनी?"

"कुत्र्याला राघू का म्हणतात, विचारत होती."

"मी अठे हातभर लांब शे. माले नही ऐकू वनं. तुम्हले कसं वनं?"

मी याचा कधी विचारच केला नव्हता. आबांनी पोरीला खाली उतरवायला सांगितलं, माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "आते बोल बेटा." ती बोलली. मला काही कळलं नाही. आबांनी तिला पुन्हा खांद्यावर बसवलं. मला कळलं. त्यांनी दोनदा हा प्रयोग केला, मग सुपारी तोंडात टाकली आणि गप्प झाले. आबा गप्प झाले की घरात सगळे सावध होतात.

पंधरा दिवसांनी ते धुळ्याला आमच्या दारात उभे. "मास्तर, चाला मन्हासंगे. मन्हा कान दखाडाना शेतस."

वय झालं, कान तपासायचे असतील, म्हणून मी बरोबर गेलो. ऑडिओलॉजिस्ट एक तरुण मॅडम होत्या. आमचा नंबर आला तसे आबा खुर्चीच्या बाजूला उभे राहिले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पेशंट हाई शे."

आता भांडण करायची जागा ती नव्हती. मी खुर्चीत बसलो. आबांनी हनुवटीची सगळी हकिकत सांगितली. मॅडमनी ती एकदाही न हसता ऐकून घेतली. मग त्यांनी दोन दात असलेला एक लोखंडी काटा कोपरावर आपटला आणि माझ्या कानाजवळ धरला. मला काहीच नाही. तोच काटा त्यांनी माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला, आणि देवळातली घंटा वाजून गेल्यावर तिच्याखाली उभं राहावं तसं माझं डोकं भरून गेलं.

मॅडम म्हणाल्या, "आवाजाला आत जायला दोन वाटा असतात. एक कानाच्या नळीतून, पडद्यावरून. तुमची ती वाट खराब झाली आहे. पडदा गेलाय, मागची बारीक हाडं झिजलीत. पण अगदी आतला कान चांगला आहे. त्याला कवटीच्या हाडातून आवाज पोचवला की तो ऐकतो. मुलगी तेच करत होती."

आबा म्हणाले, "म्हणजे हायवे बंद शे, पांदीवरथीन गाडी जाई."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी ते यंत्र दाखवलं. काड्यापेटीहून लहान, लवचिक पट्ट्याला अडकवलेलं. पट्टा डोक्याभोवती घालायचा, यंत्र कानामागे हाडावर बसतं. ते बाहेरचा आवाज घेतं आणि हाडाला कंप देतं. कानात काही घालायचं नाही, त्यामुळे कान मोकळा राहतो. पुढे वाटलं तर छोटं ऑपरेशन करून हाडात खिळा बसवता येतो, मग पट्टा लागत नाही. त्यांनी ते माझ्या डोक्याला लावलं. मी पहिल्यांदा ऐकला तो पंखा. नंतर भिंतीवरचं घड्याळ. आणि नंतर एक बारीक शिट्टी, थांबून थांबून. मी इकडेतिकडे बघितलं. आबा श्वास घेताना नाकातून शिट्टी वाजते, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला त्या खोलीत समजलं.

घरच्या माणसांना अनुभव घेता यावा म्हणून मॅडमकडे एक दांडी होती, तिच्या टोकाला यंत्र लावायचं. त्यांनी ती आबांना दातात धरायला दिली आणि दोन्ही कानांत बोटं घालायला सांगितलं. मग त्या यंत्राजवळ येऊन हळूच बोलल्या. आबांचे डोळे मोठे झाले. दातातली दांडी न सोडता, कानातली बोटं न काढता त्यांनी आरोळी ठोकली, "आरे बाप! डोकामा कोणी बोली ऱ्हायनं!" बाहेर बसलेली माणसं दारात जमा झाली.

एवढं होऊनही मी "विचार करून सांगतो" म्हणालो. मुलींच्या हेअरबँडसारखा तो पट्टा. नववीच्या वर्गात टोपणनाव पडायला एक तास पुरतो. शिवाय आबांनी खिशात हात घातला होता, आणि सासऱ्याकडून नारळापलीकडे काही घ्यायचं नाही हा माझा शब्द होता. मी स्वतः घेईन, सवडीने घेईन, असं म्हणत राहिलो. सवड म्हणजे काय हे आबांना बरोबर कळलं. परत जाताना ते फक्त एवढंच म्हणाले, "बरं."

त्या वर्षी श्रावण अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवायला बोलावतात, हे आमच्याकडे टाळता येत नाही. जाण्याआधी मी बायकोला बजावलं, "अंगठी नको. चांदीचं भांडं नको. आबांना सांगून ठेव."

"सांगितलंय," ती म्हणाली. "सोनं-चांदी काही नाही." तिने हे इतक्या सहज सांगितलं की मी निश्चिंत झालो.

दोंडाईच्याला मला पाटावर बसवलं, भोवती रांगोळी, बाजूला बायको, मांडीवर पोरगी. सासूबाईंनी ओवाळलं. पुरणाचे धोंडे, अनारसे, वर तुपाची धार. मग आबांनी तांब्याच्या ताटात दिवा लावून वाण पुढे केलं. अनारशांच्या शेजारी खणाने झाकलेली एक डबी.

"आबा, मी सांगितलं होतं..."

"सोनं नही शे. उघाडा."

उघडलं. तेच यंत्र. तोच पट्टा. मॅडमनी माझ्या तपासणीप्रमाणे तयार करून दिलेलं. मी बायकोकडे बघितलं. ती पोरीच्या फ्रॉकची कॉलर सारखी करण्यात गुंतली होती.

"आबा, हे मला घेता येणार नाही."

आबांनी आवाज चढवला नाही. त्यांना चढवावा लागत नाही. "मास्तर, तुम्ही गणितना. हिशोब सांगतस तुम्हले. हुंडा तुम्ही लिधा नही, मी दिधा नही. तो हिशोब संपना. हाई धोंडानं वान शे. धोंडानं वान जवाईनी परत करानं नही ऱ्हास. परत करं तं ते देवले परत करं. इच्चारा, तुम्हनी सासूले इच्चारा."

सासूबाईंनी मान डोलावली. पंक्तीला बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनीही डोलावली. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. नारायणाने ताट नाकारलं असं अजून कुणी ऐकलेलं नव्हतं. मी पट्टा डोक्याला चढवला. पहिला धोंडा खाल्ला, तेव्हा माझ्याच चावण्याच्या आवाजात सगळी पंगत बुडून गेली.

शाळेत पहिल्या दिवशी मला भीती होती. वर्गात शिरताच मागून कुणीतरी विचारलं, "सर, ते काय आहे?" मी मागे वळलो, पुढे वळलो, खिडकीकडे वळलो. हाडातून आवाज दोन्ही आतल्या कानांना एकदमच पोचतो, त्यामुळे तो कुठून आला हे कळत नाही. पोरांना ते लगेच समजलं आणि चार कोपऱ्यांतून "सर, सर" सुरू झालं. मी भिंगरीसारखा फिरलो. मग मलाच हसू आलं. त्या दिवशी गणित बाजूला ठेवलं. सगळ्यांना कंपासपेटीतली पट्टी दातात धरायला लावली, कानांत बोटं घालून मोकळं टोक टिचकीने वाजवायला सांगितलं. दोन्ही हात कानांत अडकलेले, तेव्हा टिचकी शेजाऱ्याने मारायची, हे वेगळं सांगावं लागलं. थोड्याच वेळात अख्खा वर्ग दातात पट्ट्या धरून टणटण वाजत होता आणि "आईशप्पथ" असं पट्टीमागून ओरडत होता. मुख्याध्यापक धावत आले. मी समजावून सांगितलं. ते माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही हाडाचे शिक्षक आहात हे मी सगळ्यांना सांगत होतो. पण इतके असाल असं वाटलं नव्हतं." दुपारपर्यंत माझं टोपणनाव पडलं: हाडाचा मास्तर. याहून चांगलं मी स्वतःही निवडलं नसतं. वर्गात नियम झाला, बोलायचं असेल त्याने उभं राहायचं.

घरातही बाकीचं सगळं ऐकू येत होतं. कुकरची शिट्टी, नळाची टिपटिप, जिन्यावरच्या चपला. हेल्मेट घातलं की यंत्र किंचाळायचं. पापड खाताना बायकोशी बोलता यायचं नाही. पापड थांबवावा लागायचा किंवा बायको. "मी इतकी वर्षं ओरडत होते हो," ती म्हणाली, "आता सवय जाईना." आणि खरंच, तिचं साधं 'जेवायला चला' मला रागावल्यासारखं वाटे.

फक्त मुलगी बोलेना. पहिल्याच दिवशी ती सवयीने खांद्यावर चढली, डोक्यावर हनुवटी टेकवली, आणि यंत्राला धक्का लागून कर्र्र अशी शिट्टी वाजली. ती दचकून रडली. त्यानंतर पट्टा डोक्यावर असला की ती खांद्यावर यायची नाही. लांबून बघायची. आईच्या कानात काहीतरी सांगायची. "काय म्हणते?" "म्हणते, बाबांच्या डोक्यावर रातकिडा आहे." मी पट्टा काढून ठेवला की ती धावत यायची, चढायची, बोलायची. म्हणजे जिच्यासाठी यंत्र घेतलं, तिचं ऐकायला यंत्र काढावं लागत होतं. एका संध्याकाळी मी ते डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं आणि आबांना सगळं लिहून कळवलं.

उलट टपाली कार्ड आलं: "डबी बंद ठेवू नका. पोर रुसली आहे. माल आवडला नाही म्हणून गिऱ्हाईक उठून जात नाही, थोडं फिरून परत येतं. धीर धरा." मी पुन्हा पट्टा चढवला. आठवडा गेला, दुसरा गेला. ती माझ्यासमोर जेवायची, खेळायची, आणि गप्प राहायची. गिऱ्हाईक काही परत येईना.

अधिक संपून खरा श्रावण लागला, तसं गावाहून बोलावणं आलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला डोळे, नथ, दागिने, लुगडं. रात्रभर जागवायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे असल्यामुळे भाऊबंद असेल तिथून येतो. गावी गेल्यावर समजलं की आईने मी लहान असतानाच तिला माझ्या कानांसाठी नवस बोलला होता. तसा कानबाईचा आणि कानाचा संबंध मी कुठे ऐकला नव्हता. आईला तसं म्हणालो तर ती उलट माझ्यावरच चिडली. "तिना नावमाच कान शे, भाऊ! तिले नही समजी तं कोनले समजी?" आणि माझ्या डोक्यावरचा पट्टा बघून तिने हात जोडले, ते कानबाईकडे तोंड करून. आबांचं नाव मी घेतलं. ती म्हणाली, "त्यासले बुद्धी कोणी दिधी?"

त्यापुढचं जे झालं ते मी धुळ्याला परतल्यावर आबांना लिहिलं. त्याची एक प्रत मी ठेवली होती, तीच इथे देतो.

आबा,

तुम्हाला आणि आईंना नमस्कार. कानबाई करून काल परत आलो. फोन करता आला असता, आता त्यावर बऱ्यापैकी ऐकू येतं, पण हे कागदावर सांगावंसं वाटलं.

रविवारी दुपारी आई देवी सजवत होती आणि पोरगी तिच्याजवळ बसून एकेक दागिना हातात देत होती. मी त्यांच्याकडे पाठ करून दारात आंब्याच्या पानांचं तोरण ओवत होतो. मागे आवाज आला, "आजी, कानबाईला ऐकू येतं का?" मला आधी कळलंच नाही कोण बोललं. तुम्हाला माहीत आहे, दिशा मला समजत नाही. घरात दहा माणसं. मग लक्षात आलं, हा आवाज मी असा लांबून कधी ऐकलेलाच नाही, म्हणजे तो हिचा. मी न वळता म्हणालो, "येतं."

मग पुन्हा, आणखी हळू, "बाबांना ऐकू आलं?" मी म्हणालो, "आलं." आबा, ती उठून अंगणात पळाली. मला वाटलं पुन्हा बिनसलं. पण थोड्या वेळाने बाहेरून कुठूनतरी आवाज आला, "बाबा, गूळ." मी गूळ घेऊन बाहेर गेलो. ती अंगणात होती, पण कुठे ते दिसेना. मी माडीकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. ती गोठ्याच्या खांबामागे हसत होती. संध्याकाळपर्यंत तिने हाच खेळ लावला. लपायचं, हळूच काहीतरी मागायचं, आणि मी वस्तू घेऊन भलत्याच दिशेला जायचं. भाऊबंदांची पोरंही त्यात सामील झाली. सोमवारी मिरवणुकीतही मी सगळ्यांच्या मागण्या घेऊन गोल फिरत होतो.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली, मांडीवर नाही, खांद्यावर नाही, शेजारी. आणि चाळीसगाव यायच्या आधीपासून धुळ्यापर्यंत तिने मला एक गोष्ट सांगितली. एका उंदराला दाढी येते अशी काहीतरी. बसच्या घरघरीत निम्मी निसटली. पण मी जिथे हसलो तिथे ती थांबली नाही, पुढे सांगत गेली, म्हणजे हसायची जागा तीच असावी.

मॅडमनी खिळ्याचं विचारलं आहे. करायचं ठरवलं तर ते मी माझ्या पैशाने करीन, पुढचा अधिक महिना यायच्या आत. तुम्ही यात पडू नका. बाकी तुम्ही जे केलंत त्याबद्दल मला लिहिता येत नाही, प्रयत्न करून पाहिला.

एक निरोप आहे. तुमच्या दुकानातल्या मांजरीला पिल्लं होणार आहेत असं तुम्ही मागे बोललात. त्यातलं एक ठेवून द्यायचं आहे, पांढरं असेल तर पांढरं. हे पोरीने मला आत्ता खुर्चीमागे येऊन, अगदी बारीक आवाजात सांगितलं, कारण तिची आई स्वयंपाकघरात आहे आणि तिला ऐकू जाता कामा नये. तेव्हा तुम्हीही घरात बोलू नका.

तुमचा,
जावई